पंखा पाचवर होता

आमच्या महालक्ष्म्या सुदामा नगरात,
दुसऱ्या मजल्यावर, अकरा बाय बाराच्या खोलीत.
ज्येष्ठा खिडकीकडे, कनिष्ठा फ्रिजकडे,
मधे दोन बाळं, आणि मागे
थर्माकोलचा महाल,
मी चार रात्री जागून कापलेला.

झिरमिळ्या राणीपुऱ्यातल्या. दिव्यांच्या माळा
महाराणी रोडवरून, सत्तर रुपयाला एक.
"गॅरंटी मत पूछो, दीदी," तो म्हणाला होता.
एका माळेला पिनच नव्हती, दोन उघड्या तारा,
त्या मी सॉकेटात घालून
आगकाड्या खोचून घट्ट बसवल्या.
आगकाड्या.
लिहिताना आत्ता हात थांबला.

पूजनाचा दिवस. सोळा भाज्या, पुरण, आंबील.
माळा उठून दिसाव्यात म्हणून भरदुपारी पडदे ओढलेले.
बिडवई काकूंना घाम फुटला,
म्हणाल्या, जरा पंखा वाढव गं.
वाढवला. पाच.

एक झिरमिळी उठली.
नुसती उठली, कुणी सहज मान वळवावी तशी,
निरांजनापाशी गेली
आणि पिवळी होऊन परत आली.

थर्माकोल जळत नाही, गळतो.
काळे, चिकट थेंब.
त्यातला एक कनिष्ठेच्या पदरावर.
पदर कुमुद वन्संच्या चंदेरीचा, दोन दिवसांसाठी मागून आणलेला.
सगळ्याजणी उठल्या आणि एकही हलली नाही.
मी पाण्याची कळशी उचलली,
तेवढ्यात मिनू, वय वर्षं नऊ,
"आई थांब, आधी मेन!" ओरडत स्टुलावर चढली
आणि दारामागची मोठी कळ तिनं खाली ओढली.
(शाळेत वर्दीतले कुणी काका येऊन सांगून गेले होते.
तिनं मला घरी येऊन सगळं सांगितलंही होतं.
मी तेव्हा वेलची कुटत होते.)

माळा गेल्या, पंखा मंदावला,
खोलीत उजेड उरला तो फक्त नको त्याचा.
वन्संनी आंबिलाचं अख्खं पातेलं उचललं
आणि सरळ देवीवर ओतलं.
साडी त्यांचीच, त्यामुळे विचारायचं कुणाला!
इतका मनापासून नैवेद्य
आमच्या घरी तिला कधी मिळाला नसेल.

संध्याकाळपर्यंत गल्लीत ठरलं होतं:
सोवळ्यात काहीतरी चुकलं.
कुणी शांत सुचवली, कुणी उज्जैनचे गुरुजी.
सासूबाई गप्प बसून मुखवट्याच्या कानातली
ज्वारीची कणी काडीनं काढत होत्या.
मग म्हणाल्या, कोप कसला?
पंखा पाचवर होता.

शीतलामाता बाजारातल्या रफूगरानं
भोकातून बोट घालून विचारलं, "अगरबत्ती?"
मी हो म्हटलं.

यंदा मागे नुसती भिंत,
आणि भिंतीवर झेंडू, पाणी शिंपडलेला.
निरांजन परातीत, परातीत पाणी,
पदरापासून दोन हात लांब. हात माझे, मोजलेही मीच.
अखंड दिवा काचेच्या हंडीत गेला,
आणि कुणी जागं नसेल तेव्हा तोही शांत करायचा, असं
सासूबाईंनी आपणहून देवीला सांगून टाकलं.
माळ एकच, पिनेची.
रात्री निजताना ती काढते, तरी पुन्हा उठते,
सॉकेटवर तळवा ठेवून बघते.
गार असतं. मग झोप येते, कधी येत नाही.

कनिष्ठेच्या मागे वाळूची बादली आहे,
चौरसियांच्या बांधकामावरून मागून आणलेली.
हळदीकुंकवाला त्यांची नवी सून आली.
दोघींना कुंकू लावलं, बाळांना लावलं,
आणि हेही काही आमच्यातलंच असेल समजून
बादलीलाही बोट टेकवलं.

मी पुसलं नाही.
उलट उरलेला गजरा तिच्यावर ठेवायला गेले,
तर मिनूनं माझा हात धरला.
"वर काही ठेवायचं नाही," म्हणाली,
"घाईत हात सरळ वाळूत जायला हवा."